वर्धा रोडला पश्चिमेच्या फ्रंटला पूर्ण काच लावायची का? कर्टन वॉल म्हणजे नेमकं काय, कोणी समजावून सांगा

वर्धारोडवाला

नमस्कार मंडळी. वर्धा रोडला आमचं बांधकाम सुरू आहे, खाली शोरूम अन् वर तीन मजले ऑफिस, शेवटचा स्लॅब मागच्या महिन्यात पडला, आता फ्रंटचं ठरवायचं आहे आणि फ्रंट नेमका पश्चिमेला. आर्किटेक्टनी जो व्ह्यू काढून दिला त्यात वरून खालपर्यंत निळसर काच आहे, दिसतं झकास, भाड्यानं घेणारे पण काचवालीच बिल्डिंग मागून राहिले. बाबा म्हणतात नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ दिवसांच्या कडक उन्हात, त्या ऑफिसात कोण बसणार रे, भट्टी करून ठेवशील.

तीन जणांकडून कोटेशन आणलं तर तिघांची भाषा वेगळी. एक म्हणतो स्ट्रक्चरल ग्लेझिंग, दुसरा म्हणतो सेमी युनिटाइज्ड, तिसरा नुसतं "कर्टन वॉल करून देतो साहेब, टेन्शन नका घेऊ" आणि तोच सर्वात स्वस्त, चांगलाच स्वस्त. मला मुळातच कळत नाही की ही काच टिकते कशावर? खालच्या काचेवर वरच्या काचेचं वजन येतं का? नुसत्या सिलिकॉननं चिकटवलेली असते म्हणतात, मंग ४५ डिग्रीत ती सुटत कशी नाही? आणि पावसाळ्यात गळतं असं प्रत्येक जण सांगतो, ते काहून? गूगल करून पाहिलं तर सगळं दुबईच्या टॉवरचंच येतं, आपल्या चार मजल्यांचं कोणी सांगत नाही.

हिंगणा_फॅब्रिकेटर

भाऊ, ॲल्युमिनियम सेक्शनचंच काम करतो म्हणून जरा लांब लिहितो, घाई नसेल तर वाचा.

पहिले हे डोक्यात बसवा की या काचेवर बिल्डिंगचा एक किलोचाही भार नसतो. बिल्डिंग कॉलम, बीम, स्लॅबवर उभी असते, काच तिला बाहेरून पडद्यासारखी टांगलेली, यालाच कर्टन वॉल म्हणतात. स्लॅबच्या कडेला अँकर मारून ब्रॅकेट बसवतात, ब्रॅकेटला ॲल्युमिनियमचे उभे सेक्शन म्हणजे मुलियन, दोन मुलियनच्या मधात आडवे ट्रान्सम, आणि त्या चौकटीत काच. प्रत्येक काच आपापल्या खालच्या ट्रान्समवर रबराच्या दोन ठोकळ्यांवर बसते, त्यामुळे वरच्या काचेचं वजन खालच्या काचेवर येतच नाही, ते ट्रान्सममधून मुलियनला, मुलियनमधून ब्रॅकेटला आणि तिथून स्लॅबला जातं. वजन काढायचं असेल तर काच १ मिमी जाड आणि एक चौरस मीटर म्हणजे अडीच किलो. ६-१२-६ ची डबल काच धरा, दोन्हीकडे ६ मिमी काच अन् मधात १२ मिमी पोकळी, म्हणजे चौरस मीटरला ३० किलो. ४ बाय १० फुटाची एक काच शंभर किलोच्या वर जाते.

पण खरी भानगड वजन नाही, वारा आहे. आयएस ८७५ या भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा बेसिक वेग ४४ मीटर प्रति सेकंद धरलाय, म्हणजे ताशी १५८ किमीच्या आसपास. त्याचा दाब काढला की चौरस मीटरला ११५ ते १२० किलो येतो आणि त्यावर मग उंचीचे, जागेचे, कोपऱ्याचे गुणक लागतात. लोकांना वाटतं वारा काच आत ढकलतो. ढकलतोच, पण बिल्डिंगच्या कोपऱ्यावर तो काच बाहेर ओढतो आणि तिथली ओढ सर्वात जास्त असते. कोपऱ्याचा हिशेब वेगळा केलाय का हे तिघांनाही विचारा, चेहरे पाहूनच कळेल कोण डिझाइन करून देऊन राहिला आणि कोण अंदाजपंचे.

आता तुमच्या कोटेशनच्या भाषेबद्दल. मुलियन, ट्रान्सम सगळं साइटवर एकेक करून जोडलं तर ती स्टिक सिस्टम. पूर्ण पॅनल काचेसकट फॅक्टरीत बनवून आणून नुसतं ब्रॅकेटवर लटकवलं तर युनिटाइज्ड. सेमी युनिटाइज्ड म्हणजे सांगाडा साइटवर उभा करायचा आणि काच मात्र छोट्या फ्रेमला वर्कशॉपमध्ये चिकटवून आणायची. स्ट्रक्चरल ग्लेझिंग ही वेगळी सिस्टमच नाही, ती काच धरायची पद्धत आहे, बाहेरून पट्टी न दिसता सिलिकॉननं धरलेली. म्हणजे तुमचा पहिला आणि दुसरा माणूस कदाचित एकच गोष्ट सांगत असतील. चार मजल्यांना पूर्ण युनिटाइज्ड परवडत नाही आणि लागत पण नाही, सेमी युनिटाइज्ड बस झालं.

सिलिकॉन सुटत कसं नाही म्हणता, तर ते स्ट्रक्चरल सिलिकॉन असलं तर नाही सुटत. ते बेसिनला लावतो ते नव्हे. त्याचं डिझाइन अगदी कमी ताणावर करतात, ०.१४ मेगापास्कल धरून. १.२ मीटर रुंद काच आणि २ किलोपास्कल वारा धरला तर सिलिकॉनची पट्टी साडेआठ मिमीच्या वर लागते, म्हणजे १० धरा. हे गणित कागदावर मागा. बऱ्याच साइटवर पट्टीची रुंदी कारागिराच्या हाताच्या अंदाजावर असते. आणि आंबट वास येणारं सिलिकॉन दिसलं की काम थांबवा, त्यातून ॲसिड सुटतं, ते डबल काचेच्या सीलला चालत नाही, इथं न्यूट्रल क्युअर म्हणजे ॲसिड न सोडता सुकणारंच पायजे. वर्कशॉपमधलं दोन भागांचं सिलिकॉन एक पांढरा बेस आणि एक काळा कॅटलिस्ट असं मिसळून येतं. कागदावर एक थेंब घ्यायचा, कागद घडी करून दाबायचा अन् उघडायचा. पूर्ण एकसारखं काळं दिसलं तर ठीक, पांढऱ्या रेघा दिसल्या तर मिक्सिंग नीट झालं नाही, तेव्हा लावलेल्या काचा बाजूला काढायच्या. याला बटरफ्लाय टेस्ट म्हणतात, दोन मिनिटाचं काम आहे, वर्कशॉपला जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहून या.

एक राहिलंच, गरमीचं. साडेतीन मीटरचा मुलियन थंडीतल्या पहाटे आणि मेच्या दुपारी यात जवळपास ५ मिमी लांब होतो, काच त्याच्या निम्म्याहून कमी वाढते. म्हणून ब्रॅकेट एकीकडे फिक्स आणि दुसरीकडे लांबट भोकाचं ठेवतात, दोन मुलियनच्या जोडात फट ठेवून आत स्लीव्ह घालतात. स्वस्तवाला सगळं आवळून टाकतो. मग दुपारी अन् रात्री टक टक आवाज यायला लागतात आणि भाडेकरू विचारतात भुताटकी आहे का म्हणून.

तिसरा_मजला

मी सिव्हिल लाइन्सकडे अशाच काचेच्या बिल्डिंगमध्ये बसतो, तिसरा मजला, पश्चिमेची खिडकी, खिडकी कसली, ती उघडतच नाही. दुपारी ३ नंतर काचेजवळच्या खुर्च्या रिकाम्या, सगळे आतल्या बाजूला सरकून बसतात, एसी १८ वर असतो तरी पाठ भाजते. मग ऑफिसवाल्यांनी ब्लाइंड लावले, आता दिवसभर ब्लाइंड बंद आणि लाइट सुरू, मंग काच लावली कशाला बे. जून लागला की खिडकीच्या खालच्या पट्टीतून पाणी यायला लागतं, दरवर्षी झुला लावून माणसं येतात, सिलिकॉन मारून जातात, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. बाबांचं ऐका, एवढंच म्हणतो.

जाळी_आणि_छज्जा

मी आर्किटेक्ट आहे, नागपुरातच. तिसरा मजला दादा, तुमची पाठ भाजते ते हवेच्या गरमीनं नाही, ऊन सरळ आत येतं आणि काच स्वतः पण तापून हीटरसारखी आतल्या माणसाकडे फेकते. एसी हवा गार करतो, त्याचं काय करणार.

वर्धारोडवाला, तुमच्या बाबतीत दिशा महत्त्वाची आहे. नागपूर साधारण २१ अक्षांशावर, मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, म्हणून दक्षिणेच्या भिंतीला उन्हाळ्यात तेवढा त्रास नसतो, तिथं दोन फुटाचा छज्जा पुरतो. पश्चिमेला छज्जा जवळपास बिनकामाचा. चार वाजता सूर्य खाली उतरून समोरून थेट काचेत घुसतो, आणि ते पण दिवसातल्या सर्वात गरम वेळी. तिथं उभ्या फिन, जाळी, नाहीतर भिंतच लागते.

आकड्यात सांगते. मेमध्ये दुपारी पश्चिमेच्या भिंतीवर अंदाजे चौरस मीटरला ५०० वॅट ऊन धरा. तुमचा फ्रंट १०० चौरस मीटर काचेचा असेल आणि साधी पारदर्शक ६ मिमी काच असेल, तर तिचा एसएचजीसी ०.८ च्या आसपास असतो, म्हणजे पडणाऱ्या उन्हातली ८० टक्के उष्णता आत. ४० किलोवॅट झाले. एक टन एसी साडेतीन किलोवॅट उष्णता काढतो, म्हणजे फक्त त्या एका भिंतीच्या उन्हासाठी ११ टनाच्या वर एसी. तेच एसएचजीसी ०.२७ ची काच घेतली तर ४ टनाच्या आत. हा ०.२७ आकडा मी मनानं नाही काढला, केंद्राच्या ईसीबीसी २०१७ मध्ये, म्हणजे इमारतींच्या ऊर्जा बचतीच्या कोडमध्ये, आपल्या हवामानासाठी उत्तर सोडून बाकी दिशांना हीच कमाल मर्यादा दिली आहे, आणि सगळ्या भिंती मिळून काच ४० टक्क्यांच्या वर नको असंही आहे. तो कोड १०० किलोवॅट कनेक्टेड लोड किंवा त्यावरच्या कमर्शियल बिल्डिंगला धरून आहे, तुमची कदाचित त्यात बसणार पण नाही, तरी ऊन काही लोड पाहून येत नाही.

लोक यू व्हॅल्यू आणि एसएचजीसी मध्ये गोंधळ घालतात. सेल्समन "डबल काच आहे, गरम होणार नाही" म्हणतो. साधी डबल काच घेतली तर यू व्हॅल्यू ५.७ वरून २.८ च्या आसपास येते, म्हणजे बाहेरची गरम हवा आत यायची कमी झाली, पण ऊन मात्र बरंचसं आत येतंच. ऊन अडवायला सोलर कंट्रोल किंवा लो-ई कोटिंग पाहिजे, आणि ते आपल्याकडे बाहेरून दुसऱ्या पृष्ठभागावर, म्हणजे बाहेरच्या काचेच्या आतल्या बाजूला असायला पाहिजे. साइटवर आलेली काच तपासायला रात्री लायटर पेटवून काचेसमोर धरा. डबल काचेत ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात, कोटिंगवालीचा रंग वेगळा असतो. बाहेर उभं राहून पाहिलं तर दुसरी वेगळी दिसायला हवी. तिसरी दिसली तर काच उलटी बसलीये, आणि उलटी बसवलेली मी पाहिली आहे.

मी तुमच्या जागी असते तर पश्चिमेला पूर्ण काच लावलीच नसती. शोरूमला काच, वर जिन्याच्या भागाला वरपर्यंत काच, बाकी भिंत आणि तिच्यात खोल खिडक्या. जिन्यात कोणी आठ तास बसत नाही आणि रस्त्यावरून बिल्डिंग काचेचीच दिसते. व्ह्यू काढणाऱ्या मित्राला राग येईल पण येऊ द्या.

वर्धारोडवाला

ताई, जिन्याची आयडिया भारी आहे, बाबांना आत्ताच वाचून दाखवलं, ते तर खूशच.

स्वस्तवाल्याचं कोटेशन आता नीट पाहिलं तर त्यात फक्त "६ एमएम ब्लू रिफ्लेक्टिव्ह टफन" लिहिलंय, सिंगल. एसएचजीसी वगैरे काहीच नाही, सिलिकॉनचं नाव पण नाही. दुसरं म्हणजे आमच्या ओळखीतल्या एकाच्या दुकानाची टफन काच रात्री आपोआप फुटली, कोणी दगड मारला नाही काही नाही, सकाळी खाली नुसता काचेचा चुरा. असं होतं का खरंच? फुटपाथवर पडली तर लफडं माझ्याच गळ्यात.

हिंगणा_फॅब्रिकेटर

हाव, होतं. टफन काच ६०० डिग्रीच्या वर तापवून हवेच्या झोतानं एकदम थंड करतात, त्यामुळे बाहेरचा थर दाबात आणि आतला ताणात राहतो, म्हणून ती साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत. पण काच बनतानाच कधीकधी आत निकेल सल्फाइडचा बारीक कण राहून जातो, डोळ्याला दिसत पण नाही, तो पुढे हळूहळू फुगतो आणि नेमका ताणाच्या भागात असला तर काच महिन्यांनी, वर्षांनी कधीही फुटते. त्यावर उपाय म्हणजे हीट सोक टेस्ट, टफन केल्यावर काच पुन्हा २९० डिग्रीपर्यंत तापवून ठेवायची, जी फुटायची ती बहुतेक तिथंच भट्टीत फुटते. खर्च वाढतो, म्हणून कोटेशनमध्ये लिहून घेतल्याशिवाय कोणी करत नाही.

फुटपाथची काळजी असेल तर लॅमिनेटेड घ्या, दोन काचांच्या मधात पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा थर असतो, फुटली तरी तुकडे त्याला धरून राहतात. नाहीतर हीट स्ट्रेंथन्ड काच, ती साध्या काचेच्या दुप्पट मजबूत आणि निकेलचा धोका जवळपास नाही, पण फुटली तर मोठे धारदार तुकडे होतात, म्हणून ती नुसती लावायची नाही, लॅमिनेट करूनच. आणि लक्षात ठेवा, टफन झाल्यावर काच कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, म्हणून माप साइटवर घ्यायच्या आधी प्लास्टर आणि लेव्हल पक्की करा. कोपऱ्यात शिक्का असतो तो पाहा, शिक्का नसेल तर टफन असल्याचा काय पुरावा.

निवृत्त_साइट_इंजिनिअर

गळण्याबद्दल वर कोणी नीट सांगितलं नाही म्हणून लिहितो. तिसऱ्या मजल्यावाल्या पोराच्या बिल्डिंगमध्ये दरवर्षी सिलिकॉन मारून जातात म्हणे, तेच तर दुखणं असेल.

चांगली कर्टन वॉल सिलिकॉनवर पाणी अडवत नाही. ती धरूनच चालते की थोडं पाणी बाहेरच्या रबरातून आत शिरणार, म्हणून ट्रान्समच्या आत पन्हाळी असते आणि ट्रान्समच्या खालच्या अंगाला पाणी निघायची बारीक भोकं असतात. त्या भोकातून बाहेरची हवा पण आत जाते, त्यामुळे पोकळीतला दाब आणि बाहेरचा दाब जवळपास सारखा होतो आणि वाऱ्याला पाणी आत ढकलायला जोरच उरत नाही. आता झुल्यावरचा माणूस येतो, त्याला सांगितलेलं असतं गळतं ते बुजव, त्याला ही भोकं दिसतात, तो बुजवतो. आत शिरलेल्या पाण्याला बाहेरची वाट बंद, मग ते ऑफिसात येतं. पहिल्या वर्षी दोन ठिकाणी, दुसऱ्या वर्षी पाच ठिकाणी. त्या पोरानं भोकं मोकळी करून रबराचे कोपरे पाहायला सांगावं, बहुतेक वेळा रबर उन्हानं आखडून कोपऱ्यात फट पडलेली असते.

डबल काचेचं पण एक सांगतो. बॉस्टनला १९७० च्या दशकात जॉन हँकॉक टॉवर म्हणून ६० मजल्यांची बिल्डिंग झाली, तिच्या काचा वाऱ्यात निखळून खाली पडायला लागल्या, जागोजागी प्लायवूड ठोकलं, शेवटी सगळ्या १०,३४४ काचा बदलल्या. दोष वाऱ्याचा नव्हता, डबल काचेच्या मधल्या शिशाच्या पट्टीचा जोड इतका कडक होता की काचेला हलायला जागाच नव्हती, हलता हलता काचेलाच चिरा गेल्या. फॅब्रिकेटरनी वर मुलियनच्या फटीचं लिहिलंय ते म्हणून खरं आहे.

आता आग. तुमच्या तिघांपैकी एकाच्याही कोटेशनमध्ये फायर स्टॉप लिहिलेलं असेल तर मला सांगा, बहुतेक नसेलच. काच स्लॅबच्या बाहेरून जाते, म्हणून प्रत्येक मजल्याला स्लॅबची कड आणि काच यांच्या मधात चार-सहा इंचाची फट राहते, खालून वर सलग. खाली आग लागली की धूर त्या फटीतून मिनिटात वरच्या सगळ्या मजल्यांवर. तिथं रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली न जळणारी लोकर, दाबून भरायचं, खालून जीआय पत्रा आणि वरून धुराचं सील. फॉल्स सीलिंग आणि फ्लोअरिंगखाली हे झाकलं जातं, नंतर कोणाला दिसत नाही, म्हणूनच कोणी करत नाही. आणि प्रत्येक मजल्यावर उघडणाऱ्या काचा ठेवा. कोलकात्याला डिसेंबर २०११ मध्ये एका हॉस्पिटलच्या तळघरात आग लागली, वरच्या मजल्यांवर आग पोचलीच नाही, धूर पोचला आणि बंद काचांमुळे बाहेर निघाला नाही, ८९ च्या वर माणसं गेली. काचा फोडून लोकांना बाहेर काढावं लागलं.

मला विचाराल तर जिन्याला पण काच नको, जिना हा आगीतला पळायचा रस्ता आहे.

जाळी_आणि_छज्जा

काका, फायर स्टॉपचं शंभर टक्के बरोबर. जिन्याचं मात्र थोडं वेगळं म्हणते, एक जिना बंद भिंतीतला, दार लावलेला, तो पळायचा, आणि समोरचा दिसायचा काचेचा, त्याला वर धूर निघायला उघडणारा भाग. यांच्या प्लॅनमध्ये एकच जिना असेल तर काकांचं ऐका, मग काच लिफ्टच्या लॉबीला द्या.

वर्धारोडवाला

एकच जिना आहे. मंग लॉबीला काच, जिना बंद भिंतीत.

काका, तिन्ही कोटेशन पुन्हा चाळले, फायर स्टॉप एकातही नाही. सेमी युनिटाइज्डवाल्याला फोन केला, तो म्हणे "ते फायरवाल्याचं काम, आमचं नाही", फायरवाला म्हणे ते काचवाल्याचं. आता कोटेशनमध्ये वेगळी लाइन टाकून मागतो. शेवटचा प्रश्न, गळतं की नाही हे पैसे द्यायच्या आधी कसं तपासायचं? पावसाळ्याची वाट पाहात बसलो तर जूनपर्यंत त्याचं पेमेंट होऊन जाईल.

हिंगणा_फॅब्रिकेटर

फॉल्स सीलिंग लावायच्या आधी पाण्याची टेस्ट घ्या. साधा बागेतला पाइप नाही, ठरलेला नोझल आणि प्रेशर गेज लागतो, काचेपासून फूटभर अंतर ठेवून एकेका जोडावर पाच फुटाच्या टप्प्यात पाच मिनिटं पाणी मारायचं, खालून सुरू करून वर जायचं, आणि आतून एक माणूस टॉर्च घेऊन उभा. वरून सुरू केलं तर पाणी कुठून शिरलं तेच कळत नाही. पहिल्याच मजल्याचं काम झालं की घ्या, पूर्ण फ्रंट होईपर्यंत थांबू नका, अन् कोटेशनमध्ये लिहा की टेस्ट पास झाल्याशिवाय शेवटचे १० टक्के मिळणार नाही. स्वस्तवाला ही ओळ वाचून परत फोन करत नसेल तर समजून घ्या.

फायर स्टॉपचं रॉकवूल काचवाल्याकडूनच करून घ्या, ब्रॅकेटच्या आजूबाजूला तोच हात घालू शकतो. फोटो प्रत्येक मजल्याचे काढून ठेवा, सीलिंग लागल्यावर काही दिसत नाही.

तिसरा_मजला

काका, आज लंचमध्ये वॉचमनला घेऊन खालच्या मजल्याच्या बाल्कनीतून पाहिलं, ट्रान्समच्या खाली भोकं होती, सगळ्यात काळं सिलिकॉन भरलेलं. एक पिनेनं उकरून पाहिलं तर आतून चमचाभर घाण पाणी निघालं. आता सोसायटीच्या माणसाला कसं समजावू ते सांगा, तो म्हणतो भोकं उघडली तर अजून गळेल.

निवृत्त_साइट_इंजिनिअर

एकाच खिडकीची उघड आणि बाहेरून पाइपनं पाणी मारून दाखव त्याला, शेजारची बंदच ठेव. तोंडी वाद घालू नको.